झारांच्या घरचीं लग्नकार्यें आणि त्यांचीं दप्तरें

घरांत लग्नकार्य पार पडलें कीं त्याच्या आठवणी दोन प्रकारें उरतात. एक आठवण कागदावर राहते. कोणास काय दिलें, कोणाकडून काय आलें, कोणाचा मान राखला आणि कोणाचा चुकून राहिला, हें सारें वहींत सांपडतें. दुसरी आठवण मनांत राहते. ती बहुधा वधूची असते, आणि ती लिहून ठेवण्याची कोणास गरज वाटत नाहीं. सामान्य घरीं पहिली वही कांहीं वर्षांत वाळवीच्या स्वाधीन होते आणि दुसरी आठवण त्या बाईबरोबर जाते. परंतु जेथें वर हाच राज्याचा धनी असतो, तेथें ती वही राज्याचें दप्तर बनते. तिला लेखक, चित्रकार आणि रखवालदार मिळतात. रशियाच्या झारांच्या घराण्यांत असें दप्तर सुमारें तीनशें वर्षें लिहिलें गेलें. तें चाळतांना एक प्रश्न सारखा मनांत येतो : इतक्या थाटाच्या या नोंदींत लग्न होऊन घरांत येणारी मुलगी कोठें आहे ? या प्रश्नाच्या अनुरोधानेंच त्या दप्तराचीं कांहीं पानें येथें उलटावयाचीं आहेत. रशियांत त्या काळीं चालणारें जुनें पंचांग युरोपच्या मागें दहा ते तेरा दिवस असे. पुढील रशियन प्रसंगांच्या तारखा त्या पंचांगाप्रमाणें दिल्या आहेत.

रोमानोव्ह घराण्याचा पहिला झार मिखाईल १६१३ सालीं मॉस्कोच्या गादीवर आला. त्या काळीं झारची वधू सरदारांच्या व जमीनदारांच्या मुली राजवाड्यांत आणून, पाहून, पारखून निवडीत. १६१६ सालीं मिखाईलनें मारिया ख्लोपोवा नांवाची मुलगी पसंत केली. ती राजवाड्यांत राहावयास आली, तिचें नांव बदलून अनास्तासिया ठेवलें गेलें, आणि थोड्याच दिवसांत तिला ओकाऱ्या होऊं लागल्या. झारच्या मातुल पक्षाकडील साल्तिकोव्ह बंधूंना ही सोयरीक नको होती. मुलगी असाध्य रोगानें पछाडलेली आहे, अशी आवई उठली, आणि नियोजित राणीची रवानगी सायबेरियांत तोबोल्स्कला झाली. सात वर्षांनीं, १६२३ सालीं, या प्रकरणाची रीतसर चौकशी झाली. वैद्यांच्या व नातलगांच्या जबान्या झाल्या. मुलगी निरोगी होती असें ठरलें. साल्तिकोव्हांना शिक्षाही झाली. परंतु झारच्या आईनें आपला हट्ट सोडला नाहीं, आणि ख्लोपोवा शेवटपर्यंत राजवाड्यांत परतली नाहीं. जें लग्न झालेंच नाहीं त्याची ही नोंद. दप्तरांत या मुलीला जागा मिळाली ती चौकशीच्या कागदांत.

झालेल्या लग्नांच्या नोंदी निराळ्या असत. मॉस्कोच्या दप्तरखान्यांत प्रत्येक राजविवाहाची एक यादी तयार होई. वराच्या बाजूस कोण उभा होता, वधूपक्षाकडे कोण बसलें होतें, मेणबत्ती कोणीं धरली, शय्येची व्यवस्था कोणाकडे होती, घोड्यावर बसून रात्रभर पहारा कोणीं केला, हें सर्व त्यांत नांवनिशीवार असे. या याद्यांना एवढें महत्त्व कां, याचें उत्तर मानपान या एका शब्दांत आहे. एखादा सरदार दुसऱ्याच्या खालच्या आसनावर एकदां बसला कीं त्याच्या मुलानातवंडांचाही दर्जा तेवढ्यानें उतरे, आणि पुढें दरबारांत किंवा लष्करांत तोच दाखला म्हणून पुढें येई. म्हणून १६२४ सालीं मिखाईलच्या पहिल्या विवाहाच्या वेळीं आधींच हुकूम निघाला कीं, या कार्यांतील बसणेंउठणें पुढें दाखला म्हणून धरलें जाणार नाहीं. तरीही प्रिन्स इवान गोलित्सिन या सरदारानें अमक्याच्या खालीं आपण बसणार नाहीं असा हेका धरला. त्याची जहागीर जप्त झाली आणि बायकोसह तो पेर्मला हद्दपार झाला. लग्नाच्या पंगतींतील एका आसनापायीं घर बसलें !

त्या पहिल्या राणीचा कांहीं महिन्यांतच अंत झाला. पुढें ५ फेब्रुवारी १६२६ रोजीं मिखाईलनें एव्दोकिया स्त्रेश्नेव्हा हिच्याशीं विवाह केला. या लग्नाची एक सचित्र पोथी आहे. मिरवणूक, देवळांतील विधि, मेजवानी, असे एकामागून एक प्रसंग तींत चितारलेले आहेत, आणि ती १८१० सालीं मॉस्कोंत छापून प्रसिद्ध झाली. पोथींतील माणसें ओळीनें उभीं आहेत; वस्त्रें व टोप्या यांवरून ज्याचा त्याचा दर्जा कळतो. चेहरे मात्र जवळजवळ सारखे. चित्रकाराला माणूस काढावयाचा नव्हता. त्याला हुद्दा काढावयाचा होता.

थोरल्या पीटरच्या काळीं हें सारें पालटलें. मानपानाचीं तीं जुनीं पुस्तकें त्याचा सावत्र वडील भाऊ फ्योदोर याच्या कारकीर्दींत, १६८२ सालीं, जाळून टाकलीं गेलीं होतीं. पीटरनें नवी राजधानी वसविली, युरोपी पोशाख आणला, आणि विवाहाची नोंद ठेवण्याचें कामही नव्या कारागिरांच्या हातीं दिलें. हे कारागीर म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून त्याच्या प्रती छापणारे. पोथी एकाच दप्तरखान्यांत राहते. छापलेलें चित्र परदेशच्या दरबारांतही पोंचतें. पीटरचा स्वतःचा दुसरा विवाह १९ फेब्रुवारी १७१२ रोजीं सेंट पीटर्सबर्ग येथें झाला, आणि त्याच्या मेजवानीचें चित्र अलेक्सेय झूबोव्ह यानें कोरलें. वधू कॅथराइन ही लिव्होनियांतील एका गरीब घरची मुलगी. पीटरशीं तिचा संसार त्यापूर्वींच चालू होता. चार वर्षांची आना आणि दोन वर्षांची एलिझाबेथ या त्यांच्या मुली या लग्नांत करवल्या म्हणून उभ्या होत्या. पीटर त्या दिवशीं झार म्हणून बोहल्यावर चढला नाहीं. आरमारांतील रिअर अॅडमिरल या आपल्या हुद्द्यानें चढला, आणि वडीलधाऱ्यांचे मान त्यानें आरमारी अधिकाऱ्यांना दिले. झूबोव्हच्या चित्रांत भलें मोठें दालन आहे, वर्तुळाकार मेजें आहेत, एकीकडे पुरुष व एकीकडे स्त्रिया बसल्या आहेत. त्या गर्दींत वधूवर शोधून काढावे लागतात. चित्राचा खरा नायक तें दालनच. रशियांत आतां अशीं दालनें आहेत, हें युरोपला दिसावें म्हणून तें कोरलेलें.

त्याच्या सुमारें सव्वा वर्ष आधीं, ३१ ऑक्टोबर १७१० रोजीं, पीटरनें आपली पुतणी आना इवानोव्हना हिचा विवाह कूरलँडच्या तरुण ड्यूकशीं लावून दिला होता. लग्नाच्या उत्सवांतच पीटरनें आणखी एक कार्य उरकलें. दूरदूरहून गोळा केलेल्या ठेंगण्या माणसांचें वऱ्हाड जमवून त्यानें आपल्या एका ठेंगण्या सेवकाचें लग्न लावलें, आणि खऱ्या लग्नाचे सर्व विधि थट्टेनें पुन्हां करविले. दरबार पोट धरधरून हंसला. सतरा वर्षांच्या आनाला काय वाटलें, हें कोणीं लिहिलें नाहीं. अडीच महिन्यांच्या आंतच, सासरीं जातांना राजधानीपासून थोड्याच अंतरावर, तिचा नवरा मरण पावला. काकाच्या आज्ञेनें तिनें कूरलँडमध्यें विधवा म्हणून जवळजवळ वीस वर्षें काढलीं, आणि १७३० सालीं दैवयोगानें तीच रशियाची सम्राज्ञी झाली.

या आनानेंच फेब्रुवारी १७४० मध्यें आपल्या दरबारांत एक लग्न लावलें. प्रिन्स मिखाईल गोलित्सिन हा मोठ्या कुळांतला गृहस्थ; त्यानें कॅथलिक पंथ स्वीकारला म्हणून तिनें त्याला विदूषक करून ठेवलें होतें. त्याचें लग्न तिनें आपल्या पदरच्या काल्मुक जमातीच्या एका दासीशीं लावलें, आणि त्या जोडप्याला रात्र काढावयासाठीं नेवा नदीच्या काठीं बर्फाचें घर बांधविलें. साम्राज्यांतील नाना जातीजमातींचीं जोडपीं आपापल्या वेषांत वरातींत चालविलीं गेलीं. घरांतील पलंग बर्फाचा, उशा बर्फाच्या, दारापुढच्या तोफाही बर्फाच्या. पहारा असा बसविला कीं सकाळपर्यंत वधूवरांना बाहेर पडतां येऊं नये. दोघेंही जगलीं, हें त्यांचें नशीब. या घराचें साद्यंत वर्णन सेंट पीटर्सबर्गच्या शास्त्र-अकादमींतील पदार्थविज्ञानी क्राफ्ट यानें आकृतींसह लिहिलें आणि तें १७४१ सालीं छापलें गेलें. त्यावरून घर ५६ फूट लांब, साडेसतरा फूट रुंद आणि २१ फूट उंच होतें, हें आजही सांगतां येतें. त्या रात्रीं तीं दोन माणसें किती गारठलीं, हें मोजण्याचें माप अकादमीपाशीं नव्हतें. मात्र या प्रसंगाचा एक कागद सरकारी हेतूबाहेर शिल्लक राहिला. लग्नासाठीं पद्य रचण्यास त्रेदियाकोव्हस्की या कवीस बोलाविलें होतें. समारंभाचा मुख्य व्यवस्थापक मंत्री वोलिन्स्की यानें त्याला बेदम मारलें, आणि मुखवटा चढवून त्याच्याकडून तें पद्य म्हणवून घेतलें. त्या मारहाणीची कवीनें अकादमीकडे लेखी तक्रार केली. ती तक्रार वाचली म्हणजे त्या बर्फाच्या घराची थंडी अंगाला जाणवते.

आनानंतर थोड्याच काळानें पीटरची ती धाकटी करवली, एलिझाबेथ, गादीवर आली. तिनें दरबारी गायकवृंदांतून वर आलेल्या राझुमोव्हस्की नांवाच्या कॉसॅकाशीं गुप्तपणें लग्न लावलें होतें अशी वदंता आहे. पुढें या लग्नाचे कागद राझुमोव्हस्कीनेंच एका दूताच्या देखत अग्नींत टाकले, अशीही आख्यायिका सांगतात. दप्तर नाहीं म्हणून त्या लग्नाचा निर्णयही नाहीं. परंतु आपल्या भाच्याच्या लग्नांत एलिझाबेथनें दप्तराची हौस पुरेपूर फेडून घेतली. त्याच वर्षीं फ्रान्सच्या युवराजाचें लग्न व्हर्साय येथें झालें होतें. तेथून आणि ड्रेस्डेनहून तिनें विधींचीं बारीकसारीक वर्णनें मागविलीं आणि त्यांवरून आपला बेत आंखला. २१ ऑगस्ट १७४५ रोजीं हा विवाह झाला आणि दहा दिवस उत्सव चालला. वर पीटर सतरा वर्षांचा, वधू एका लहानशा जर्मन संस्थानांतून आलेली, सोळा वर्षांची. तीच पुढें कॅथराइन दि ग्रेट म्हणून प्रसिद्धीस आली. तिचा रुपेरी जरीचा विवाहवेष मॉस्कोच्या क्रेम्लिनमधील शस्त्रागार-संग्रहालयांत आहे.

दरबारची रोजनिशी म्हणून एक नोंदवही पीटरच्या काळापासून ठेवण्यांत येत असे. महाराज कोठें गेले, कोण भेटीस आलें, मेजावर कोण कोठें बसलें, हें तींत रोजच्या रोज लिहीत. अशा सरकारी कागदांवरून पाहतां १७४५ चें लग्न निर्विघ्न व देदीप्यमान झालें. पण या लग्नाची दुसरीही नोंद आहे, आणि ती वधूची आहे. उतारवयांत कॅथराइननें फ्रेंच भाषेंत आपल्या आठवणी लिहिल्या. मुकुटाच्या भारानें डोकें दुखूं लागलें, तो क्षणभर उतरूं का असें विचारलें, तर तो अपशकुन ठरेल म्हणून परवानगी मिळणें कठीण झालें, असें ती सांगते. रात्रीं दासींनीं तिला शयनगृहांत बसविलें आणि सर्व निघून गेले. दोन तासांहून अधिक वेळ ती एकटीच बसली होती. उठावें कीं बसून राहावें, हेंही तिला कळेना. नवरदेव आपलें जेवण आटोपून सावकाश आले. ही हकीकत रशियाच्या दरबारास इतकी जड गेली कीं तिची मूळ प्रत मोहोरबंद राहिली, आणि निकोलस पहिला यानें लोकांच्या हातीं गेलेल्या नकला जप्त करविल्या. अखेर देशत्याग केलेला लेखक हर्झेन यानें ती १८५९ सालीं लंडनमध्यें छापली. सरकारी रोजनिशी मुकाट्यानें कपाटांत बसली होती. एका सोळा वर्षांच्या मुलीच्या दोन तासांच्या एकांताला मात्र पहारे बसवावे लागले.

एकोणिसाव्या शतकांत हे विवाह एकाच सांच्यांतून निघूं लागले. हिवाळी राजवाड्यांतील मॅलकाइटच्या हिरव्या खांबांच्या दालनांत वधूचा शृंगार होई. तिच्यासमोर सोन्याचा जो आरसा ठेवीत तो सम्राज्ञी आनाच्या शृंगारसाहित्यांतला. जिच्या स्वतःच्या लग्नाचें हंसें झालें, तिच्याच आरशांत पुढच्या साऱ्या वधूंनीं आपलें रूप पाहावें, हा योग खरोखर विलक्षण ! अंगावर रुपेरी जर, डोक्यावर हिऱ्यांचा मुकुट, पाठीवर अर्मिनच्या पांढऱ्या लोकरीची जड झूल. मग राजवाड्याच्या देवळांत विधि होई. धर्मगुरु वधूवरांना अंगठ्या घाली, दोघांच्या मस्तकांवर आप्तजन मुकुट धरून उभे राहात, एकाच पेल्यांतून दोघें मद्याचा घोट घेत, आणि वेदिकेभोंवतीं तीन प्रदक्षिणा होत. समारंभाचा सर्व क्रम आधींच छापलेला असे.

यांपैकीं ११ जानेवारी १८७४ चा विवाह आपल्याकडच्या श्रोत्यांना थोडा जवळचा वाटेल. दुसऱ्या अलेक्झांडरची एकुलती एक हयात कन्या मारिया हिनें व्हिक्टोरिया राणीचा दुसरा मुलगा, ड्यूक ऑफ एडिंबरो आल्फ्रेड, याला वरलें. हाच राजपुत्र १८७० सालीं मुंबईस आला होता, आणि खलाशांसाठीं बांधावयाच्या घराचा पायाचा दगड त्यानें बसविला होता. ती इमारत पुढें अनेक वर्षें विधिमंडळाची होती आणि आज तेथें महाराष्ट्र पोलिसांचें मुख्यालय आहे. लग्न दोनदां लागलें; प्रथम रशियन पद्धतीनें देवळांत आणि मग अलेक्झांडर दालनांत अँग्लिकन पद्धतीनें, वेस्टमिन्स्टरचे डीन स्टॅन्ली यांच्या हस्तें. व्हिक्टोरिया राणी स्वतः आली नव्हती. म्हणून तिनें डोळे आणि कान पाठविले. निकोलस शेव्हालिए हा चित्रकार राजपुत्राबरोबर जगप्रवासांत हिंदुस्थानांतही हिंडलेला होता आणि योगायोगानें जन्मानें सेंट पीटर्सबर्गचाच होता. त्यानें राणीसाठीं समारंभाचें चित्र काढलें. डीनच्या पत्नी लेडी ऑगस्टा यांनीं राणीला लांबलचक पत्रें लिहिलीं. एक बाई दुसऱ्या बाईला, मुलाच्या आईला, लिहिते आहे. म्हणून सून कशी दिसली व कशी वागली, हें त्या पत्रांत येतें. या लग्नाची आणखी एक नोंद आहे, आणि ती कोणत्याही दप्तरखान्यांत ठेवलेली नाहीं. लंडनच्या पीक फ्रीन कंपनीनें त्या वर्षीं नव्या वधूच्या नांवानें एक गोल बिस्किट काढलें. 'मारी' या नांवानें तें घरोघर चहाच्या बशींत येऊन बसलें आहे. चित्र राजवाड्यांत राहिलें. नांव मात्र बिस्किटानें जगभर नेलें.

वधूचा बाप दुसरा अलेक्झांडर, त्याच्या स्वतःच्या दुसऱ्या लग्नाचा कागद याच्या अगदीं उलट. सम्राज्ञी २२ मे १८८० रोजीं वारली. दीड महिन्यानें, ६ जुलै रोजीं, त्सार्स्कोये सेलोच्या राजवाड्यांतील एका साध्या खोलींत, लष्करी मुक्कामावर वापरतात तसली वेदी मांडून, त्यानें कॅथराइन दोल्गोरुकोव्हा हिच्याशीं लग्न लाविलें. हिच्याशीं त्याचा संबंध अनेक वर्षांचा होता आणि तीन मुलें हयात होतीं. तोफा झाल्या नाहींत, चित्रकार नव्हता, रोजनिशींत गाजावाजा नव्हता. साक्षीदारांच्या सह्यांचें एक पत्रक मात्र काळजीपूर्वक लिहवून घेतलें, आणि पत्नीस व मुलांस युर्येव्हस्की हें नांव देणारा हुकूम झाला. राजकुलाबाहेरच्या स्त्रीशीं झालेल्या लग्नांतील संततीस राजकुलाचे हक्क नाहींत, हा नियम १८२० पासून होता. म्हणून निदान नांव आणि पोटापाण्याची सोय तरी कागदावर यावी, ही बापाची धडपड. आठ महिन्यांच्या आंत, १ मार्च १८८१ रोजीं, बाँबस्फोटांत अलेक्झांडरचा अंत झाला. तो कागद नसता तर त्या बाईला आपण कोण, हें सांगतां येणें कठीण होतें. दप्तराचा खरा उपयोग कोणाला, हें येथें दिसतें. ज्याचा मान आधींच सर्वांना ठाऊक असतो त्याला नोंदीची गरज थोडी. ज्याला कोणी ओळखावयास तयार नाहीं त्याचें सारें आयुष्य एका सहीवर उभें असतें.

शेवटचा सम्राट निकोलस दुसरा याचा विवाह १४ नोव्हेंबर १८९४ रोजीं झाला. वडिलांचें, तिसऱ्या अलेक्झांडरचें, दफन होऊन अवघे सात दिवस लोटले होते. विधवा सम्राज्ञीचा तो वाढदिवस होता आणि तेवढ्या एका दिवसापुरतें सुतक शिथिल केलें होतें. या लग्नाच्या नोंदीसाठीं नामांकित हात लागले. डॅनिश चित्रकार टुक्सेन याचें चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयांत आहे आणि त्याची एक आवृत्ति इंग्लंडच्या राजसंग्रहांत. रशियन चित्रकार रेपिन याचें चित्र रशियन संग्रहालयांत आहे. मेणबत्त्यांचा प्रकाश, सोनेरी जर, शुभ्र वधू, सर्व कांहीं त्यांत आहे. चलच्चित्राचा शोध मात्र अजून लोकांपुढें यावयाचा होता. दीडच वर्षानें, मे १८९६ मध्यें, याच जोडप्याचा राज्याभिषेक ल्यूमिएर बंधूंच्या माणसांनीं चित्रफितीवर घेतला. चित्रांत जें नाहीं तें वधूच्या पत्रांत आहे. आपलें लग्न आपल्याला त्या आठवड्यांतल्या मृतासाठींच्या प्रार्थनांचाच पुढचा भाग वाटला, फरक एवढाच कीं काळ्याऐवजीं पांढरीं वस्त्रें होतीं, अशा आशयाचें तिनें बहिणीला लिहिलें. आणि नवऱ्याच्या रोजनिशींत तिनें स्वतःच्या हातानें इंग्रजींत कांहीं ओळी लिहिल्या. ही गांठ जन्माची आहे आणि हें आयुष्य संपलें तरी परलोकीं पुन्हां भेट आहे, असा त्यांचा भाव. चोवीस वर्षांनीं, जुलै १९१८ मध्यें, येकातेरिनबुर्ग येथें एका तळघरांत तीं दोघें व त्यांचीं पांचही मुलें एकाच वेळीं गोळ्यांनीं ठार झालीं.

राज्य गेलें, तसा दप्तराचा मालकही गेला. राजवधूंच्या मस्तकावर शोभलेला हिऱ्यांचा मुकुट क्रांतीनंतरच्या सरकारनें विकला. १९२७ सालीं तो लंडनच्या लिलावांत निघाला आणि आज तो वॉशिंग्टनच्या हिलवुड संग्रहालयांत आहे. रोजनिशी मॉस्कोच्या सरकारी दप्तरखान्यांत सुरक्षित आहे. याद्या, पोथ्या, कोरीव चित्रें, तैलचित्रें, सर्व अभ्यासकांपुढें मोकळीं आहेत. त्यांतून पोशाख कळतात, दर्जे कळतात, सत्तेला आपलें रूप कसें दिसावें असें वाटत होतें तेंही कळतें. हें ज्ञान थोडें नव्हे. परंतु ख्लोपोवाची निरोगी प्रकृति, त्रेदियाकोव्हस्कीचे वळ, कॅथराइनचे दोन तास आणि अलेक्झांड्राच्या कांहीं ओळी यांवांचून तें दप्तर म्हणजे वऱ्हाड निघून गेल्यावरचा मांडव आहे.

ज्या घरांत यापुढें कार्य निघेल, त्यांनीं आहेराची वही जरूर नीट ठेवावी. हिशेब हा संसाराचा पाया आहे. मात्र त्या वहीच्या शेवटीं दोन पानें कोरीं सोडावींत, आणि वर्षभरानें तीं नव्या सुनेच्या हातीं द्यावींत. झारांच्या घरीं तीं कोणीं दिलीं नाहींत. तिथल्या मुलींना तीं चोरून, परक्या भाषेंत, किंवा नवऱ्याच्या वहींत लिहावीं लागलीं.